होझु नदीतून होडीने: कामेओका ते अराशियामा

क्योटोच्या पश्चिमेला, डोंगरापलीकडे कामेओका नावाचं छोटं शहर आहे. तिथून क्योटोच्या अराशियामा भागापर्यंत होझु नदी डोंगर कापत येते. हा १६ किलोमीटरचा पट्टा नावाडी प्रवाशांना होडीत बसवून उतरतात. इंजिन नाही, शीड नाही. एक बांबू, वल्ही आणि सुकाणू एवढंच. जपानीत याला ‘होझुगावा कुदारी’ म्हणतात. कुदारी म्हणजे खाली उतरणं.

आम्ही तिघे २१ नोव्हेंबर २०२४ ला, गुरुवारी, ही फेरी करून आलो. तयारी करताना मराठीत फारसं काही सापडलं नव्हतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

सप्टेंबर: व्हिसा

होडीच्या लेखात व्हिसा कशाला, असं वाटेल. पण तारखांचं गणित इथूनच सुरू होतं. जपानचा एका प्रवेशाचा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत देशात शिरावं लागतं. शरद ऋतूची पानगळ, म्हणजे पानं लाल होण्याचे दिवस, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गाठायची, तर जुलैत उत्साहाने अर्ज करून उपयोग नाही. आम्ही सप्टेंबरच्या मध्यावर मुंबईच्या व्हिसा केंद्रात कागद दिले: अर्ज, फोटो, दिवसवार प्रवासाचा आराखडा, विमान आणि हॉटेलची बुकिंगं, बँकेचं स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रं. आराखड्यात ‘क्योटो फिरणे’ असं मोघम लिहू नये. त्या दिवशी कुठे असाल आणि कुठे राहाल ते लिहावं. व्हिसाची फी पाचशे रुपयांच्या आसपास होती. केंद्राचं सेवाशुल्क त्याहून जास्त भरलं. सहा कामाच्या दिवसांत उत्तर आलं.

आता हा व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, तो ऑनलाइन असतो. विमानतळावर तो संकेतस्थळ उघडून, इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. मुंबईला बोर्डिंग पासच्या रांगेतही तो उघडून दाखवायला सांगितला, त्यामुळे लॉगिनचा पासवर्ड आठवत असलेला बरा.

ऑक्टोबर: आधी रेल्वे की आधी होडी?

बहुतेक प्रवासवर्णनांत एकच मार्ग सांगितलेला असतो: अराशियामाहून ‘तोरोक्को’ नावाच्या पर्यटक रेल्वेने दरीतून वर कामेओकाला जायचं आणि होडीने खाली यायचं. ही रेल्वे म्हणजे जुना सानिन मार्ग. १९८९ मध्ये नवा, बोगद्यांचा दुहेरी मार्ग झाला आणि जुना रूळ ओस पडला. १९९१ मध्ये त्यावर ही गाडी सुरू झाली. ७.३ किलोमीटर, साधारण २५ मिनिटं, प्रौढांना ८८० येन. जेआर (जपान रेल्वे) कंपन्यांच्या गाड्यांवर चालणारा पर्यटकांचा जेआर पास तिच्यावर चालत नाही.

तिची विक्री प्रवासाच्या बरोबर महिनाभर आधी, जपानच्या सकाळी दहाला सुरू होते. म्हणजे आपल्याकडे साडेसहा. २१ ऑक्टोबरला गजर लावून बसलो, तरी हव्या त्या वेळेच्या तीन जागा एकत्र मिळाल्या नाहीत. पानगळीच्या दिवसांत हे असंच होतं. काही जागा त्याच दिवशी स्टेशनवर विकतात, पण होडीची वेळ ठरलेली असताना त्या भरवशावर राहणं म्हणजे उगाच जिवाला घोर.

नंतर लक्षात आलं की फार बिघडलं नाही. दरी तीच, नदी तीच. रेल्वेतून ती वरून दिसते आणि होडीतून पाण्याच्या पातळीवरून. शिवाय तोरोक्कोचं कामेओका स्टेशन आणि होडीचा धक्का यांत बसचा पाव तासाचा प्रवास आहे. जेआरच्या कामेओका स्टेशनवरून मात्र धक्का चालत दहा मिनिटांवर. दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर माझं मत होडीला. रेल्वेही हवी असेल तर आधी तिची जागा पक्की करा, तिच्या वेळेनंतर किमान दीड तासाने सुटणारी होडी घ्या आणि मगच पैसे भरा.

होडीचं बुकिंग ऑनलाइन होतं. प्रौढांना ६,००० येन, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण ३,३०० रुपये. चार वर्षांच्या मुलापासून प्राथमिक शाळेच्या वयापर्यंत ४,५००. आम्ही अकराची फेरी घेतली, त्याचं कारण धुकं. कामेओका डोंगरांमधल्या वाटीसारख्या सपाटीवर वसलंय. शरद आणि हिवाळ्यात तिथे पहाटेपासून दाट धुकं साचतं आणि अनेकदा दहा-अकरापर्यंत हटत नाही. सकाळी नऊच्या होडीला गर्दी कमी असते, पण समोरचा डोंगरच दिसला नाही तर रंग कुठून दिसणार? उलट दुपारी उशिरा दरीत ऊन राहत नाही आणि थंडी बोचते.

आदल्या रात्री

या फेरीचा खरा मालक नदी आहे. वर पाऊस झाला आणि पाणी वाढलं की होड्या बंद. वारा जोरात असला तरी बंद. क्योटोत लख्ख ऊन असताना फेऱ्या रद्द झालेल्या असू शकतात, कारण पाऊस आदल्या दिवशी वरच्या डोंगरात पडलेला असतो आणि पाणी उतरायला वेळ लागतो. हा नियम आता किती काटेकोर आहे, यामागे एक घटना आहे. २८ मार्च २०२३ रोजी इथे २९ जणांची होडी उलटली आणि दोन नावाडी दगावले. सुकाणू धरलेल्या नावाड्याचा फटका पाण्यात न बसता हवेत गेला, तो तोल जाऊन पडला, होडीवरचा ताबा सुटला आणि ती खडकावर गेली. त्यानंतर साडेतीन महिने फेऱ्या बंद होत्या. जुलैत सुरू झाल्या त्या सुरक्षेची घडी नव्याने बसवूनच.

हे घाबरवायला सांगत नाही. पण फेरी रद्द झाली म्हणून काउंटरवर वाद घालणारे दिसतात, त्यांना हे माहीत नसतं. आपल्या हातात एवढंच: होडी क्योटोच्या मुक्कामातल्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. आमचा मुक्काम चार रात्रींचा होता, होडी दुसऱ्या दिवशी ठेवली. हुकली असती तर आणखी दोन दिवस हाताशी होते. आदल्या रात्री आणि सकाळी निघण्यापूर्वी संकेतस्थळावर त्या दिवसाच्या फेऱ्या चालू आहेत का, ते पाहिलं.

सकाळ: क्योटो स्टेशन ते धक्का

मोठ्या बॅगा होडीत नेता येत नाहीत, आणि होडी सुटते एका गावी, उतरवते दुसऱ्या गावी. सामान धक्क्यावर ठेवून परत घ्यायला येऊ, हा हिशोबच चुकीचा. हॉटेल बदलण्याचा दिवस असेल तर बॅगा नव्या हॉटेलात आधी टाकाव्यात किंवा क्योटो स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात. मोठ्या लॉकरला हजार येनच्या आसपास लागतात, आणि पानगळीत सकाळी दहानंतर मोठे लॉकर रिकामे मिळणं कठीण.

कामेओकाला जाणारी सागानो लाइन क्योटो स्टेशनच्या अगदी पश्चिम टोकाला, ३१ ते ३३ क्रमांकांच्या फलाटांवरून सुटते. मुख्य दारापासून तिथपर्यंत बरंच चालावं लागतं. दहा मिनिटं हाताशी ठेवा. भाडं तेव्हा ४२० येन होतं. इकोका कार्ड (दारावर टेकवून भाडं भरायचं प्रीपेड कार्ड) चालतं, जेआर पासही चालतो. जलद गाडी वीस-बावीस मिनिटांत पोचवते, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी अर्ध्या तासात. याच फलाटांवरून किनोसाकीकडे जाणाऱ्या लिमिटेड एक्स्प्रेसही सुटतात आणि त्याही कामेओकाला थांबतात. त्यांना वेगळं जादा तिकीट लागतं. नुसतं कार्ड टेकवून आत बसलात तर गाडीत फरक भरावा लागेल.

वाटेत सागा-अराशियामा स्टेशनवर अर्धी गाडी रिकामी होते. होडीला जाणाऱ्यांनी गर्दीबरोबर तिथे उतरायचं नाही. तिथे होडी संपते, सुरू होत नाही. आमच्या डब्यातलं एक कुटुंब बॅगा सावरत उतरायला निघालं होतं, हातात होडीचाच छापील कागद.

कामेओकाला उत्तरेच्या दाराने बाहेर पडलं की समोर फुटबॉलचं प्रचंड स्टेडियम. त्याच्या बाजूने नदीकडे चालत गेलं की धक्क्याची इमारत. आम्ही १०.२० ला पोचलो. धुकं नुकतंच वर चढत होतं.

काउंटरवर बुकिंगचा मेल दाखवला, तिघांची नावं लिहून दिली आणि क्रमांकाची चिठ्ठी घेतली. पुकारा जपानीत होतो. आपला आकडा जपानीत कसा म्हणतात, ते चिठ्ठी देणाऱ्यालाच विचारून घ्यावं. बुकिंग नसलेल्यांनाही जागा असल्यास तिकीट मिळतं, पण त्या दिवशी त्यांना पुढच्या फेऱ्यांपर्यंत थांबायला सांगत होते.

इथली एक सूचना बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची: स्वच्छतागृहात जाऊन या. होडीत सोय नाही, वाटेत थांबा नाही, आणि पाणी कमी असेल तर प्रवास दोन तासांचा होतो. पाणी भरपूर असेल तर खूप लवकर संपतो, पण ते आपण ठरवत नाही. सकाळचा तिसरा चहा टाळलेला बरा.

होडीत

लाइफ जॅकेट धक्क्यावरच देतात, पट्टे तपासतात, आणि ते शेवटपर्यंत काढायचं नाही. त्यावर जाड जॅकेट चढत नाही, म्हणून आत स्वेटर आणि वर वारा अडवणारं पातळ काहीतरी असा क्रम ठेवा. फोनला गळ्यात अडकवायची दोरी हवीच.

होडी साधारण बारा मीटर लांब, दोन मीटर रुंद, तळाला सपाट. पूर्वी लाकडी असायच्या, आता फायबरच्या असतात. बाकांवर तिघे-चौघे शेजारी बसतो. जागा नावाडीच ठरवतात, कारण वजन दोन्ही बाजूंना सारखं लागतं. पुढची ओळ मिळाली तर दृश्य चांगलं आणि कपडे ओले. मधल्या ओळीत कडेला बसणाऱ्यांवरही पाणी येतं. त्यासाठी प्लॅस्टिकचा लांब पडदा ठेवलेला असतो. नावाड्याने खूण केली की तो छातीपर्यंत वर धरायचा. पाऊस भुरभुरत असला तर वर पारदर्शक छप्पर घालतात, आणि डिसेंबरपासून हिवाळ्यात होड्यांना सगळीकडून आच्छादन आणि आत शेगडी असते.

नेहमीच्या पाण्याला तीन नावाडी, पाणी किंवा वारा जास्त असेल तर चार. नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा, बांबू धरतो. त्याला ‘साओ’ म्हणतात. मधला वल्हं मारतो, ते ‘काई’. मागचा सुकाणू सांभाळतो, ते ‘काजी’. आळीपाळीने जागा बदलतात. कोकणात खाडीच्या उथळ पाण्यात होडी बांबूने रेटताना पाहिली असेल, तर साओवाल्याचं काम ओळखीचं वाटेल. तो बांबू तळाला टेकवतो, अंगाचं सगळं वजन त्यावर टाकतो आणि नाळेवरून मागे चालत येतो. फरक असा की खडक समोर आला की तोच बांबू खडकावर टेकवून होडीचं तोंड वळवायचं असतं, आणि त्याला हाताशी एखादा सेकंदच असतो.

पहिली वीसेक मिनिटं नदी रुंद आणि संथ. शेतं, पूल, बगळे. इथे लोक फोटो काढून दमतात आणि बॅटरी संपवतात. दरी पुढे सुरू होते. डोंगर दोन्हीकडून जवळ येतात, मेपलचा लाल आणि वरच्या देवदारांचा गर्द हिरवा यांच्यामधून पाणी अरुंद होत जातं आणि मग खळाळ सुरू होतात. सगळ्यात मोठा कोआयु-नो-ताकी. सरळ कड्यावरून पडणं नाही, पण थोड्या अंतरात दोनेक मीटरचा उतार. नाळ खाली जाते, पाणी वर येतं, सगळे ओरडतात. पोटात गोळा येतो तो तीन-चार सेकंद. पाळण्याला घाबरणाऱ्यांनाही झेपेल असा हा प्रकार आहे. दोन खळाळांच्या मध्ये संथ, खोल, हिरवं पाणी येतं, आणि मला स्वतःला तेच जास्त आवडलं.

नावाडी सतत बोलतात आणि जवळजवळ सगळं जपानीत. बेडकाचा खडक, सिंहाचा खडक, स्नूपीचा खडक हे हात दाखवला की कळतं. विनोद कळत नाहीत, पण बाकीचे हसले की आपणही हसतो. या बडबडीत एक गोष्ट मात्र निसटू देऊ नका. नावाडी बांबूने काही खडकांवरच्या गोल खळग्यांकडे बोट दाखवतो. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाण्याने आणि गोट्यांनी कोरले. इथले खळगे बांबूच्या टोकांनी कोरलेत. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक नावाड्याने त्याच वळणावर, त्याच ठिकाणी बांबू टेकवला, कारण दुसरीकडे टेकवला तर होडी वळत नाही. काही खडकांच्या कडांना घळी आहेत त्या दोराच्या. जुन्या विहिरीवर मोटेच्या नाड्याने दगड झिजलेला असतो, तशाच. मालवाहतुकीच्या काळात रिकामी होडी परत वर न्यायची ती नावाड्यांनीच, काठावरून दोर खांद्यावर घेऊन ओढत.

कारण ही वाट मुळात पर्यटकांसाठी नव्हतीच. कामेओकाकडच्या तांबा नावाच्या जुन्या प्रांतातला तांदूळ, लाकूड, सरपण आणि कोळसा क्योटोला आणायला सुमिनोकुरा र्‍योई या व्यापाऱ्याने १६०६ मध्ये हे पात्र होडीजोगं करून घेतलं. पाण्याबाहेरचे खडक आगीने तापवून फोडले. पाण्याखालचे फोडायला उंचावरून टोकदार लोखंडी वजनं सोडली. जिथे नदी पसरट आणि उथळ होती, तिथे दगड रचून प्रवाह एका बाजूला आवळला, म्हणजे पाणी खोल होतं. पाणी कमी असताना हे रचलेले दगड काठाला ओळीने दिसतात. आपली होडी नेमकी त्यांच्या बाजूने का जाते, ते मग कळतं. १८९९ मध्ये रेल्वे आली, नंतर ट्रक आले, माल गेला. प्रवासी मेजी काळाच्या (१८६८ ते १९१२) शेवटच्या दशकांतच येऊ लागले होते.

मध्येच डोक्यावर जेआरचं होझुक्यो स्टेशन येतं. त्याचा फलाट चक्क नदीवरच्या पुलावर आहे. तोरोक्को गेली की वरून सगळे हात हलवतात, होडीतून सगळे हात हलवतात. आपणही हलवायचा.

अराशियामा जवळ आलं, पाणी संथ झालं की एक छोटी मोटरबोट बाजूला येऊन होडीला बिलगते. तीच टपरी. भाजलेला स्क्विड, ओदेन, सोया-साखरेच्या पाकातले मिताराशी दांगो, बिअर आणि शीतपेयं. रोख पैसे हाताशी ठेवा, सुटे असतील तर उत्तम. शाकाहारी मंडळींनी ओदेनच्या वाफेला भुलू नये. त्यात मुळा आणि अंडं दिसतं, पण रस्सा दाशीचा, म्हणजे माशाचा असतो. दांगो घ्या. तांदळाच्या पिठाच्या, काडीला टोचलेल्या गोळ्या. दीड तास वाऱ्यात बसल्यावर त्या गरम गोळ्यांची चव हॉटेलात येणार नाही.

आम्हाला एकूण एक तास पन्नास मिनिटं लागली.

उतरल्यावर

धक्का तोगेत्सुक्यो पुलाच्या जरा वरच्या अंगाला आहे. इथपर्यंत येताना होझु नदीचं नाव ओइ होतं आणि पुलापलीकडे ते कात्सुरा होतं. नकाशात शोधताना गोंधळ होतो, पण पाणी तेच. पाय आखडलेले असतात, उतरताना घाई करू नये. बूट आणि विजार गुडघ्यापर्यंत ओली असण्याची शक्यता धरून पाठपिशवीत मोज्यांचा एक जोड टाका.

परतीला सागा-अराशियामा स्टेशन पंधरा-वीस मिनिटांवर, क्योटोपर्यंत तेव्हा २४० येन. प्रत्येकी खर्च ४२० अधिक ६,००० अधिक २४०, म्हणजे ६,६६० येन, शिवाय दांगो.

बहुतेक जण उतरून बांबूच्या बनाकडे जातात, आणि पानगळीत तिथे मुंगीला वाट नसते. आम्ही पूल ओलांडून नदीच्या दुसऱ्या काठाने उलट, वरच्या दिशेला चाललो. साधारण पंचवीस मिनिटं, शेवटी पायऱ्यांची चढण, आणि सेनकोजी नावाचं छोटं मंदिर. नदी फोडताना जे कामगार मेले, त्यांच्यासाठी र्‍योईने हे इथे आणलं. आत त्याची लाकडी मूर्ती आहे. दोराच्या वेटोळ्यावर बसलेला, हातात दगड फोडायची कुऱ्हाड. वरच्या सज्जातून खाली दरी दिसते. आम्ही होतो तेवढ्या वेळात तीन होड्या वळणावरून आल्या आणि तिन्हींचे साओवाले त्याच खडकापाशी वाकले.

परतताना धक्क्यावर क्रेन दिसली. रिकाम्या होड्या उचलून ट्रकवर चढवत होते, कामेओकाला परत न्यायला.